आखूड तलाव

तलावावर सगळे त्यांना मामा म्हणत. खरे मामा ते एकट्या बारकीचे. पण ती लहानपणापासून पाण्यातून "मामा, बघा ना" असं इतक्यांदा ओरडली होती, की हळूहळू पोरं, पोरांचे आईबाप, रखवालदार आणि वयाने मोठे असलेले तलावाच्या मंडळाचे अध्यक्षसुद्धा त्यांना मामाच म्हणू लागले. मामांचं लग्न झालेलं नव्हतं. पोरांना पोहायला शिकवण्यात वेळच मिळाला नाही, असं ते सांगत. ताईचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं वेगळं होतं. तो आवाज घरात सहन करील अशी बाई अजून जन्माला यायची आहे, असं ती म्हणे.

त्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं. मामांच्या कानाचं जुनं दुखणं होतं, त्यामुळे पाण्यात उतरणं त्यांनी कधीचंच सोडलं होतं. मग शिकवायचं ते काठावरून आणि तोंडाने. "कोपर वर", "पाय मेलेत का", "झोपायला आलीस का" ही त्यांची वाक्यं पलीकडच्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांनाही पाठ झाली होती. पोरगं ओरडल्याशिवाय पोहत नाही, यावर मामांची श्रद्धा होती. गाडीला पेट्रोल लागतं तसं पोराला ओरडणं लागतं, इतकं ते त्यांना सरळ वाटे.

यंदा मात्र नवल घडलं. दुरुस्तीसाठी बंद असलेला तलाव उघडला आणि पोरं एकाएकी वेगाने पोहू लागली. एखादं दुसरं नव्हे, झाडून सगळी. ज्यांच्यापुढे मामांनी हात टेकले होते, तीही आपापल्या जुन्या वेळा मोडू लागली. मामा दोन दिवस चक्रावले, घड्याळ बदलून पाहिलं, आणि मग त्यांनी कारण शोधलं. माणूस अशा वेळी कारण शोधायला निघाला की ते त्याला बहुतेक स्वतःच्याच खिशात सापडतं. तलाव बंद असताना पोरांना सक्तीची सुट्टी मिळाली होती. म्हणजे विश्रांती मिळाली होती. म्हणजे विश्रांतीने वेग वाढतो, आणि हे आपल्याला आतून पहिल्यापासून ठाऊक होतं.

अशा रीतीने मामांचं विश्रांतीचं शास्त्र जन्माला आलं. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांना समारंभाची भारी हौस. त्यांनी लगेच मामांचं व्याख्यान ठेवलं. आसपासच्या क्लबांचे प्रशिक्षक आले, पुढच्या रांगेत बसले. स्पर्धेच्या आधी पोहणं कमी कमी कसं करत न्यावं, हे त्या सगळ्यांना माहीत होतंच. पण मामांनी त्यांना खुर्चीत कसं टेकावं, जिना कसा चढू नये आणि उशी कुठल्या बाजूला असावी इथपर्यंत सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "स्पर्धेच्या तोंडावर काही वाढवता येत नसतं. बिघडवता मात्र येतं." यावर टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथे दुसरं व्याख्यान जाहीर केलं.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास झाली, पण तिच्याकडे मामांचं लक्ष गेलं नाही. वेळा चांगल्या येऊ लागल्या तसं त्यांचं ओरडणं थांबलं. घड्याळाकडे बघायचं, मान हलवायची, गालातल्या गालात हसायचं आणि पुढच्या पोराला सोडायचं. बसथांब्यावरच्या माणसांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं.

बारकीचं तर सगळंच येत्या निवड-स्पर्धेवर अडलं होतं. नाव बारकी राहिलं असलं तरी ती आता मामांहून चार बोटं उंच झाली होती. दोनशे मीटरमध्ये ठरलेल्या वेळेच्या आत आली, तर तिची मोठ्या संघाच्या शिबिरासाठी निवड होणार होती. आणि नाही आली, तर ताईने स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

"नाही झाली निवड तर पोहणं बंद. मला वाद नको," ताई म्हणाली होती. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करायची आणि कुठल्याही बाबतीत आकडा आल्याशिवाय बोलायची नाही. "दर स्पर्धेहून पोरगी डोळे सुजवून घरी येते. तलावातल्या औषधाच्या पाण्याने सुजले म्हणते. मी काय आज तपासायला लागले का?"

"या वेळी निवड झालीच म्हणून समज," मामा म्हणाले होते. "लिहून देतो."

ते उगाच बोलले नव्हते. बारकीची वेळ चांगली सेकंदभर आत येत होती. आणि ती यायची बंद झाली तर आपण रोज पहाटे उठून त्या तलावावर कशाला जायचं, हा प्रश्न मामांना अधूनमधून पडे. त्याचं उत्तर ते स्वतःला देत नसत. पोरीवर त्यांचा फार जीव होता. तो त्यांना फक्त ओरडूनच दाखवता येई, एवढंच.

स्पर्धेला चार दिवस उरले आणि नव्या दोऱ्या आल्या. दोन लेनच्या मध्ये प्लास्टिकच्या चकत्या ओवलेली जी तरंगती दोरी असते, ती. जुन्या दोऱ्या कुजल्या होत्या म्हणून दुरुस्तीच्या वेळी फेकून दिल्या होत्या आणि तेव्हापासून पोरं नुसत्या तळाच्या काळ्या पट्ट्या बघून पोहत होती. स्पर्धेच्या मोठ्या तलावात गेल्यावर पोरांनी बावचळू नये, म्हणून मामांनी अध्यक्षांच्या मागे लागून या मागवल्या. दुपारी तलाव रिकामा होता. मामांनी पहिली दोरी एका भिंतीच्या कडीला अडकवली, काठाने चालत पलीकडे नेली, तिथल्या कडीला लावली आणि ताण द्यायची चकती फिरवायला घेतली. फिरवता फिरवता आटे संपले, पण दोरी काही ताठ होईना. पाण्यावर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी ती लोंबत राहिली.

मामांनी दुकानदाराला फोन लावला आणि जुना आवाज थोडा वापरला. दुकानदार म्हणाला, "साहेब, कारखान्यातून मापाच्याच येतात. दुसरी लावून बघा." मामांनी दुसरी लावली, तिसरी लावली. सहाच्या सहा लोंबल्या. एखादी दोरी लबाड निघेल, पण सहाजणी मिळून कट करतील हे पटेना, म्हणून त्यांनी कचेरीतून लांब टेप आणली आणि तलाव मोजला. मग टेप उलटी धरून पुन्हा मोजला. पंचवीस मीटरचा तलाव फूटभर आखूड होता.

मामा काठावरच्या बाकावर बसले. बसल्यावर त्यांना सगळं आठवलं. दोन्ही टोकांच्या भिंती गळत होत्या. कंत्राटदार म्हणत होता, जुनं सगळं फोडून काढू, मग नवीन करू, वेळ लागेल. मामा त्याच्यावर उखडले होते. "फोडाफोडी कसली करताय? जुन्या भिंतीला लागून विटांचा एक थर उठवा, त्यावर टाइल्स लावा आणि मला माझा तलाव द्या. यंदा स्पर्धा आहे." कंत्राटदाराने डोकं खाजवलं होतं. दोन्हीकडून अर्धा अर्धा फूट जाईल, असंही तो म्हणाला होता. आणि मामांनी त्याला उत्तर दिलं होतं, "एवढ्या मोठ्या तलावात कुणाला कळतंय?"

मग त्यांनी हिशेब केला. करायची इच्छा नव्हती, पण हात आपोआप चालला. दोनशे मीटर म्हणजे आठ फेऱ्या. दर फेरीला फूटभर चोरी. बारकी सेकंदभर आत नव्हतीच. ती जवळजवळ पाऊण सेकंद बाहेर होती.

महिनाभर आधी कळलं असतं तर त्यांनी पोरीला घासून घासून तो पाऊण सेकंद काढला असता. पण आता चार दिवस उरले होते, आणि या चार दिवसांत काही वाढवता येत नसतं, असं एका मोठ्या तज्ज्ञाने भर व्याख्यानात सांगितलं होतं. तो तज्ज्ञ त्या क्षणी ओल्या बाकावर बसला होता.

अध्यक्ष दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवून बघत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मामा काचेच्या कपाटाशी उभे राहिले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

"पण पाणी तर तेवढंच आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाणीही तेवढं कमी झालं."

"मग बिल कमी येईल. चांगलंच आहे की."

"अहो, पोरांच्या वेळा खोट्या आहेत. माझं शास्त्र खोटं आहे."

अध्यक्षांनी फडक्याने काच पुसत त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "मामा, नवा नंबर लागला की पहिले चार दिवस डोकं दुखतं. मग सवय होते. तुमच्या दुसऱ्या व्याख्यानाची पत्रिका मी छापायला दिलीय. स्पर्धा होईपर्यंत मूग गिळून बसा. नंतर बघू." थोडं थांबून ते म्हणाले, "नंतर तरी काय बघायचंय म्हणा."

संध्याकाळी पोरं आली तेव्हा दोऱ्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. दुकानदाराने चुकीच्या मापाच्या पाठवल्या, असं मामांनी सांगितलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "दुकानदार असेच असतात, मामा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोरं किती समजूतदार आहेत, असं मामांना वाटलं आणि त्यांना जास्तच अपराधी वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी मामांचा ताबा सुटला. ठरल्याप्रमाणे बारकीने दोन-चार संथ फेऱ्या मारून घरी जायचं होतं. पण ती अशी आरामात पोहताना दिसली आणि मामांच्या डोळ्यांपुढे तो पाऊण सेकंद नाचू लागला. "जरा दोन फेऱ्या जोरात मार," ते म्हणाले. तिने मारल्या. "आणखी दोन." तिने आणखी दोन मारल्या. आणि मग इतक्या महिन्यांनंतर तो आवाज पुन्हा तलावावर घुमला. "कोपर वर. कोपर. पाय मेलेत का?" शेजारच्या लेनमधली पोरं जागच्या जागी थबकली. बारकीची वेळ आधीपेक्षा वाईट आली. ती बाहेर आली, तिने टॉवेल डोक्यावरून घेतला, आणि मामांना तिचे डोळे दिसले. ताई ज्या डोळ्यांबद्दल बोलायची ते हे, एवढं त्यांना कळलं.

मधला एक दिवस त्यांनी कसाबसा काढला. पोरीला सांगावं तर तिचा धीर खचणार. न सांगावं तर मोठ्या तलावात, सगळ्यांदेखत, भिंत जागेवर नाही असं तिला वाटणार आणि तिथे ती खचणार. त्यांचा जीव टांगणीला लागला. आणि ताईला आपण लिहून देतो म्हणालो होतो, हेही त्यांना राहून राहून आठवत होतं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळी पोरं गेल्यावर त्यांनी बारकीला थांबवून घेतलं. ती काठावर पाय पाण्यात सोडून बसली. मामा तिच्याशेजारी बसले, पण पायातले बूट न काढता, मांडी घालून.

"बारके, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. तुला वाटतं तेवढी तू वेगात नाहीस."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"भिंत आधी येते." तिने पायाने पाणी हलवलं. "पहिल्या दिवशी टर्न मारताना टाचा आपटल्या माझ्या. आम्ही हात मोजून पोहतो ना. शेवटचा हात उरायला लागला."

मामांनी पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. गेल्या महिन्यात आलेल्यांनासुद्धा. त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो."

"मग मला कुणी का बोललं नाही?"

बारकी जरा घुटमळली. तलावावर मामांना अहो-जाहो करायचं असा मामांनीच घातलेला नियम होता आणि तिने तो आजवर मोडला नव्हता. "बोलणारच होतो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तू घड्याळ बघून हसलास, मामा. आणि ओरडला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही ओरडलास. मग कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी ठरवलं, की सांगायचं नाही."

"किती दिवस सांगायचं नाही?"

"चालेल तितके दिवस."

म्हणजे अख्ख्या तलावाने मिळून मामांना मामा बनवलं होतं. याचा राग यायला हवा होता, पण रागाच्या आधी त्यांना लाज वाटली. एवढीएवढी पोरं, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, एकमेकांचे चष्मे लपवतात. आणि त्यांचा आवाज बंद राहावा म्हणून हीच पोरं इतके महिने एकजुटीने खोटं बोलत होती. इतकं का ते ओरडणं नकोसं होतं? मामांना फार वाईट वाटलं.

"मी तुमच्या भल्यासाठीच..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले.

"माहीत आहे. पण तुझा आवाज आला की माझे खांदे कानाशी येतात. मी पोहत नसते मग, पळत असते." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "माझी खरी वेळ मला माहीत आहे. पाऊण सेकंद कमी पडतोय. पण तू जुनी वेळ काढून बघ, तलाव मोठा होता तेव्हाची. तिच्यापेक्षा मी आताही पुष्कळ पुढे आहे. तो फूट धरूनसुद्धा."

मामांनी तो हिशेब केला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात केला, पुन्हा केला. पोरगी बरोबर सांगत होती.

"उद्या जमेल किंवा नाही जमणार," बारकी म्हणाली. "पण तू आईजवळ बस. काठाशी येऊ नकोस. आणि काहीही झालं तरी आवाज काढू नकोस. काढशील?"

"नाही," मामा म्हणाले. हा शब्दही त्यांनी हळूच उच्चारला.

मोठ्या तलावाच्या छताखाली इतका गोंगाट होता, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागे. काठावर सगळ्या क्लबांचे प्रशिक्षक ओणवे होऊन घसा फोडत होते. मामांच्या व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसलेलेही त्यात होते. मामा वर, पायऱ्यांवर, ताईच्या शेजारी बसले होते. आपले हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

"तुझी जागा खाली नाही का?" ताईने विचारलं.

"आज इथेच."

ताईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, ताप आलेल्या माणसाकडे बघतात तसं.

बारकीने उडी छान घेतली. पहिल्या चार फेऱ्या ती अशी गेली, की मामांना श्वास घ्यायचं सुचलं नाही. पाचव्या फेरीत शेजारच्या दोघी पुढे सरकल्या. सहाव्या फेरीत बारकी दमली, आणि मामांना तिचं डावं कोपर खाली आलेलं स्वच्छ दिसलं. एवढ्या लांबून, एवढ्या फेसातून, फक्त त्यांनाच दिसलं असणार. ‘कोपर’ हा शब्द त्यांच्या पोटातून निघाला, छातीतून वर आला आणि दातांपाशी येऊन थांबला. त्यांनी दात घट्ट मिटले. कपाळावरची शीर ताडताड उडू लागली. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी केलं नव्हतं. सातव्या फेरीच्या भिंतीला ती वळली, पाण्याखालून लांब सरकत बाहेर आली, आणि कुणीही न सांगता तिचं कोपर वर आलं. मामांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. शेवटची फेरी त्यांना नीट दिसलीच नाही.

बारकी तिसरी आली. फळ्यावर आकडे उमटले. मामांना ते वाचायचं धाडस होईना, म्हणून ते ताईच्या तोंडाकडे बघत बसले. ताईने आकडा वाचला, हातातल्या कागदावरची निवडीची वेळ वाचली, पुन्हा आकडा वाचला. दवाखान्यातला अहवाल ती अशीच दोनदा बघायची.

"आत आहे," ती म्हणाली. "पापणी लवते तेवढीच, पण आत आहे."

तेवढ्यात अध्यक्ष पायऱ्या चढत, धापा टाकत येऊन पोचले. वाटेत भेटेल त्याला ते मामांकडे बोट दाखवून विश्रांतीचं शास्त्र, विश्रांतीचं शास्त्र असं सांगत होते. तीन-चार आईबाप मामांभोवती जमले.

मामा उभे राहिले. "आपला तलाव फूटभर आखूड आहे," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

अध्यक्ष पोट धरून हसले. "ऐकलंत? एवढा मोठा माणूस, पण श्रेय घेईल तर शपथ." आईबापही हसले. एकाने मामांच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या मुलीलाही याच तलावावर घालायचं म्हणून चौकशी करू लागला. मामा दोनदा पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्यांदा लोक जास्त हसले. मग ते खाली बसले.

खाली बारकी काठाला हात टेकून पाण्यातच तरंगत होती. तिने वर पाहिलं, पायऱ्यांवर त्या दोघांना शोधलं आणि ती हसली. डोळे लाल होते, पण ते खरोखरच औषधाच्या पाण्याने झालेले होते. ताईने ते बघितलं, पदराने, म्हणावं तर नाक आणि म्हणावं तर डोळे पुसले आणि भावाकडे वळली.

"या वेळी काहीतरी वेगळं केलंस तू," ती म्हणाली.

"नाही गं, ताई. शपथेवर सांगतो, मी काहीही केलं नाही."

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाली, आणि पोरीला टॉवेल द्यायला खाली गेली.